पडदे खाली येईपर्यंत

म्हातारे लॉर्ड हार्ट्समियर मंगळवारी, दुपारच्या जेवणाची घंटा व्हायच्या जरा आधी गेले. नको त्या वेळी नको ते करून ठेवायची त्यांची जन्माची खोड होती, आणि तिला ते शेवटपर्यंत जागले.

डॉक्टर मॅबरलींनी त्यांच्या ओठांसमोर धरलेला आरसा खिशात घातला आणि अशा वेळी कुणीही करतो तेच करायला ते खिडकीकडे वळले. पडद्याच्या दोरीला हात लागतो न लागतो तोच मागून ऑब्री म्हणाला, "पडदा राहू द्या, डॉक्टर."

हेस्टरच्या हातात अजून वडिलांचा हात होता. तिला आधी काही उमगलंच नाही. घरात माणूस गेलं की रस्त्याकडचे सगळे पडदे खाली ओढायचे, ते दफन होईपर्यंत वर करायचे नाहीत, यात विचारण्यासारखं काय आहे? मग तिनं ऑब्रीच्या, आपल्या भावाच्या, तोंडाकडे पाहिलं. तो रडत होता. अगदी मनापासून रडत होता, आणि रडता रडताच काहीतरी जुळवत होता. तेव्हा तिला कळलं.

दुपारी चारनंतर ऑब्रीला पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात भाषण करायचं होतं. वसाहत खात्याचा उपमंत्री म्हणून नाव काढायची ही त्याची पहिली मोठी संधी होती. पण तिथे तो बसू शकत होता तो वडील जिवंत होते म्हणून. लॉर्डाचा मुलगा निवडून येऊ शकतो, खुद्द लॉर्ड नाही. बाप डोळे मिटतो त्या क्षणी थोरला मुलगा लॉर्ड होतो आणि त्याची रवानगी वरच्या सभागृहात होते, जिथे म्हातारी मंडळी लाल बाकांवर झोपा काढतात. राज्य चालतं ते खालच्या सभागृहातून. ऑब्रीला राज्य चालवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्यात तेवढी अक्कलही होती.

"संध्याकाळपर्यंत," तो डॉक्टरांना म्हणाला. "तुम्ही संध्याकाळी परत या आणि तेव्हा दाखला लिहा. एवढंच."

डॉक्टर मॅबरलींनी या घरातली तीन बाळंतपणं आणि असंख्य पित्तं पाहिली होती. ते म्हणाले की त्यांना एका रुग्णाकडे जायचंच होतं, आणि टोपी घेऊन गेले.

खाली स्क्वेअरमध्ये गाड्यांच्या चाकांचा आवाज आजाऱ्याला ऐकू येऊ नये म्हणून रस्त्यावर घोट्याएवढा पेंढा पसरला होता. जुलैच्या उन्हात त्याला तबेल्याचा वास सुटला होता. दारावरच्या कडीला फडकं गुंडाळलेलं होतं. ऑस्लर, त्यांचा बटलर, रोजच्याप्रमाणे दारावर नवी चिठ्ठी लावून आला: लॉर्डसाहेबांच्या प्रकृतीत फरक नाही. हे मात्र खरं होतं.

जेवायला चौघं बसले. ऑब्री, त्याची बायको थिओडोरा, धाकटा भाऊ लायनेल आणि हेस्टर. थंड मटण होतं. नोकरांना बाहेर पाठवलं होतं, त्यामुळे लायनेलला स्वतःच्या हातानं सॉस वाढून घ्यावा लागला आणि तो त्यानं टेबलक्लॉथवर सांडला. लायनेल पाद्री होता. वडिलांच्या गावचंच चर्च त्याच्याकडे होतं, आणि ते कुणाला द्यायचं हे ठरवायचा हक्क घराण्याच्या थोरल्याचा होता. म्हणजे तासाभरापासून ऑब्रीचा.

जिन्यात मात्र लायनेलनं हेस्टरचा हात धरून सांगितलं होतं की हे पाप आहे आणि तो तसं ऑब्रीच्या तोंडावर म्हणणार आहे. हेस्टर त्याची वाट पाहत होती. लायनेल मटण चिरत होता.

शेवटी तीच म्हणाली, "अरे ऑब्री, तू तिथे उभा राहून म्हणणार काय?"

"वडील अत्यवस्थ आहेत म्हणेन."

"अत्यवस्थ? त्यांचे डोळे मी मिटले."

"थोडे तास, हेस्टर. मी तुझ्याकडे थोडे तास मागतोय."

पण प्रश्न तासांचा नव्हता, आणि हे टेबलावरच्या चौघांनाही ठाऊक होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी, तरुण अधिकारी असताना, लॉर्ड हार्ट्समियर लुवेमा नदीच्या मुखाशी उतरले होते. तिथल्या राजाबरोबर एका झाडाखाली बसून त्यांनी शब्द दिला होता की राणीचे शिपाई धबधब्याच्या वर कधी येणार नाहीत. त्या शब्दाचा म्हाताऱ्याला भारी अभिमान. पाहुणा नवा असला की सूप संपायच्या आत धबधबा यायचाच. आता धबधब्याच्या वर तांबं सापडलं होतं, शेजारी जर्मन येऊन बसले होते, आणि मंत्रिमंडळाला तो प्रदेश हवा होता. फौज नदीच्या मुखाशी येऊन थांबली होती. आज खर्चाला मंजुरी मिळाली की ती वर निघणार. गेल्या वर्षी एक लहान तुकडी वर गेली होती. त्यातले परत आले ते तापानं पिवळे पडून, आणि फार थोडे आले.

या वेळच्या फौजेत हेस्टरचा मुलगा जाइल्स होता. हेस्टरचा नवरा हिंदुस्थानच्या सरहद्दीवर एका खिंडीत मारला गेला, त्या वेळी जाइल्स रांगत होता. त्यानंतर तिनं जगात फक्त त्याला सांभाळलं होतं. मुलगा लष्करात जाणार म्हणाला तेव्हा तिनं अंथरूण धरलं. आजोबांनी त्याला बजावलं होतं, जा, पण धबधब्याच्या खालीच राहा.

ऑब्रीच्या पक्षातलेच बरेच लोक बिचकत होते. दिलेला शब्द मोडायचा कसा? त्यांना पटवू शकणारा एकच माणूस होता, शब्द देणाऱ्याचा मुलगा. वडिलांनीच मला मोकळं केलं असं त्यानं उभं राहून सांगितलं की त्यांची सदसद्विवेकबुद्धी सुटकेचा श्वास टाकणार होती.

"त्यांनी माझा हात दाबला," ऑब्री म्हणाला. "गुरुवारी. मी स्पष्ट विचारलं, पपा, आता वर जायला हवं ना? आणि त्यांनी हात दाबला. लायनेल होता तिथे."

"ते सगळ्यांचाच हात दाबायचे. वाचा गेल्यापासून दुसरं काय करत होते? मी विचारलं सूप हवंय, तर दाबला. नको आहे का, तरी दाबला. ऑस्लरचासुद्धा दाबला, बिचारा लाजून लाल झाला." हेस्टर लायनेलकडे वळली. "तू सांग ना."

लायनेलनं काटा खाली ठेवला. त्याला चार मुली होत्या. परवाच ऑब्री सहज बोलता बोलता म्हणाला होता की पश्चिमेकडच्या एका कॅथेड्रलच्या मुख्य पाद्र्याचं, डीनचं, पद रिकामं होणार आहे आणि पंतप्रधान नावं विचारताहेत.

"दाबला होता," लायनेल म्हणाला. "मला वाटतं, गुरुवारचा दाब वेगळा होता."

हेस्टरनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं मिठाचं भांडं उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं.

मग लायनेलला गप्प बसवेना. अपराधी माणसाला बोलावंसं वाटतं तसा तो बोलत सुटला. विरोधी बाकांवरचे सर गिफर्ड ट्रॉलिन आज विरोध करतीलच ना, करणारच, म्हातारा पपांचा शब्द पपांपेक्षा जास्त सांभाळतो. त्यांची दोस्ती कशी झाली आठवतं ना? ट्रॉलिनची बायको गेली त्या सकाळी पपांनी त्याच्या विधेयकाला केलेला सगळा विरोध मागे घेतला. म्हणाले, दुःखात असलेल्या माणसाशी आज मी भांडणार नाही. आणि विधेयक सरळ पास. पपा म्हणजे पपा. ही गोष्ट या घरातल्या मुलांनी पाळण्यात असल्यापासून ऐकली होती. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

"ट्रॉलिन शेवटपर्यंत भांडेल," एवढंच ऑब्री म्हणाला आणि उठला.

थिओडोराला हेस्टरबरोबर वर बसायला सांगितलं होतं. सोबत म्हणून, असं ऑब्री म्हणाला. पहाऱ्याला, हे दोघींनाही समजलं.

थिओडोरा वाईट बाई नव्हती. तिनं एका हुशार माणसाशी लग्न केलं होतं आणि तो पंतप्रधान व्हावा म्हणून इतकी वर्षं कंटाळवाण्या माणसांना जेवायला घातलं होतं. कुणाला संधिवात आहे, कुणाच्या बायकोपुढे कुणाच्या बायकोचं नाव काढायचं नाही, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. सासरे जायला नको होते असं तिला मनापासून वाटत होतं. पण त्यांनी अजून एक हिवाळा काढायला हवा होता, असं ते वाटणं होतं. ऑब्री आता लॉर्ड. तिच्या सगळ्या जेवणावळी वाया गेल्या. निदान आजचं भाषण तरी पदरात पडावं.

कॉलर बदलून ऑब्री वडिलांच्या खोलीत आला. एकदा शेवटचं बघून जातो म्हणाला. हेस्टर तोंड धुवायला पलीकडे गेली होती. थिओडोरा दारातच थांबली. ऑब्री पलंगाच्या पायाशी उभा राहिला, एक हात कोटाच्या काठाला लावला, आणि हळू आवाजात म्हणाला, "माझे वडील, जे या क्षणी रोगशय्येवर आहेत." थांबला. पुन्हा म्हणाला, "जे या क्षणी, सभापती महोदय, रोगशय्येवर आहेत, त्यांनी माझा हात हातात घेऊन." दुसरं बरं वाटलं असावं. त्यानं मान हलवली. मग वाकून त्यानं वडिलांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि थिओडोराच्या शेजारून निघून गेला. त्याचे डोळे ओले होते.

 नवरा ढोंगी असता तर थिओडोराला सोपं गेलं असतं. तो ढोंगी नव्हता, त्याचं रडणंही खरं होतं.

त्यानंतर बराच वेळ दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसल्या. उकडत होतं. खिडकीतून पेंढ्याचा वास येत होता, आणि पलीकडच्या घराच्या गच्चीत सर गिफर्डची बहीण लेडी मॉड कुत्र्याला घेऊन बसलेली दिसत होती. ती आठवडाभर याच खिडक्यांकडे बघत होती. सगळा स्क्वेअर बघत होता.

"तुझी मुलं कुठे आहेत?" हेस्टरनं विचारलं.

"गावाकडे. समुद्रावर न्यायचंय त्यांना पुढच्या आठवड्यात."

"जाइल्सला लहानपणी समुद्राची भीती वाटायची. पाय बुडाले की रडायचा. पपा त्याला खांद्यावर घेऊन आत जायचे." हेस्टरनं वडिलांचं पांघरूण सारखं केलं. "थिया, मला तुझ्याकडून काही नको. तू ऑब्रीची बायको आहेस. मी एवढंच म्हणते, यांनी हात दाबून होकार दिला असं तुला वाटतं का?"

थिओडोरानं सासऱ्यांकडे पाहिलं. हनुवटीला रुमाल बांधल्यामुळे त्यांचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

"मी जरा खालून कपाळाला लावायला कोलन वॉटर घेऊन येते," ती म्हणाली. "मला शोधायला वेळ लागेल."

बाहेर येऊन तिनं दार लावून घेतलं. ती खाली गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग रुळाचा तो ओळखीचा खर्र आवाज आला, पडदा खालपर्यंत उतरला. मग दुसरा. थिओडोरानं डोळे मिटले.

ऑस्लरला कुणी सांगायची गरज पडली नाही. तो दुपारपासून जिन्याच्या तोंडाशी उभाच होता. लॉर्डसाहेबांच्या खोलीतला आवाज ऐकताच त्यानं दोन्ही दासींना मान हलवून खूण केली, आणि बघता बघता घराच्या सगळ्या खिडक्या मिटल्या. स्क्वेअरच्या पलीकडे लेडी मॉडनं कुत्रं खाली ठेवलं आणि गाडी जोडायला सांगितली.

ऑब्री बोलायला उभा राहून थोडाच वेळ झाला होता. छान रंग चढत होता. तांबं झालं, जर्मन झाले, आता तो धबधब्याशी येत होता. समोर सर गिफर्ड ट्रॉलिन हाताची घडी घालून बसले होते, ऐंशीच्या घरातले, भुवया पांढऱ्या, उत्तर तयार. तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली. ऑब्रीनं ते पाहिलं. म्हाताऱ्यानं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि ऑब्रीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ऑब्रीनं सोसला असता. पण तिथे नुसती माया होती. बिचाऱ्याला अजून माहीत नाही, अशी.

सर गिफर्ड उभे राहिले. असं मधे कुणी उभं राहत नाही, त्यामुळे सभागृह आपोआप शांत झालं. ते काय म्हणाले ते ऑब्रीला नंतर नीट आठवेना. एकेक करून सगळ्यांच्या टोप्या उतरल्या तेवढं आठवत होतं. शेजारचा मंत्री त्याचा दंड धरून म्हणाला, "जा तू, जा घरी," आणि तो सभापतींना वाकून चालू लागला. दारापर्यंतचा तो रस्ता त्याला फार लांब वाटला. दाराच्या कठड्यापलीकडे तो आता फक्त बघ्या होता. तिथे तो थांबला, कारण मागे सर गिफर्ड अजून बोलत होते.

म्हातारा थरथरत्या आवाजात म्हणत होता की त्यानं आज या मागणीला विरोध करायचं ठरवलं होतं. पण ज्या माणसानं एकदा त्याच्या दुःखाच्या दिवशी तलवार म्यान केली, त्या माणसाच्या मुलाशी, तो माणूस थंडही झाला नसताना, तो भांडणार नाही. आपली सूचना तो मागे घेतो, आणि सोबत्यांनाही तसंच करायची विनंती करतो.

कुणी नको म्हणालं नाही. कुणाला म्हणता आलंच नसतं, ते वाईट दिसलं असतं. मोजणीसुद्धा झाली नाही. सभापतींनी विचारलं, मंजूर म्हणणारे म्हणाले, आणि लुवेमाचा धबधबा टोप्या काढून, माना खाली घालून, राणीच्या राज्यात जमा झाला.

ऑब्री घरी आला तेव्हा अजून उजेड होता, पण आत सगळीकडे तपकिरी अंधार. ऑस्लरनं दार उघडून "लॉर्डसाहेब" म्हटलं, आणि ऑब्रीनं वडील मागे उभे असावेत तसं वळून पाहिलं.

हेस्टर वरच होती. लायनेल गुडघे टेकून प्रार्थना करत होता, पण ऑब्री आल्याबरोबर उठला. थिओडोरा दारात आली, कोलन वॉटरची बाटली हातात, आणि तिथेच उभी राहिली. हेस्टरनं सगळी तयारी करून ठेवली होती. भाऊ ओरडेल, हात उगारेल, या घरात पुन्हा पाऊल टाकू नको म्हणेल. ती म्हणाली, "पडदे मी पाडले. दुसऱ्या कुणाला बोलू नकोस."

ऑब्री पलंगाच्या कडेवर बसला. तो थकलेला दिसत होता, एकदम वडिलांसारखा.

"पास झालं," तो म्हणाला.

"काय पास झालं? तुला बोलू दिलं नाही ना?"

"नाही दिलं. ट्रॉलिननं विरोध मागे घेतला. आपण दुःखात आहोत म्हणून."

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. जेवणाच्या टेबलावरची लायनेलची ती गोष्ट तिच्या कानात आता उशिरा पोहोचली. पाळण्यात असल्यापासून ऐकलेली, इतकी ओळखीची की ती ऐकायचं सोडून ती मिठाच्या भांड्याकडे बघत बसली होती. पपा म्हणजे पपा.

"मी गप्प राहिले असते तर?"

ऑब्रीनं उत्तर द्यायला नको होतं. लायनेलनं तसं तोंडही केलं. पण ऑब्री त्या दिवशी पुरता मोडला होता आणि मोडलेला माणूस खरं बोलतो.

"सकाळी पक्षाच्या प्रतोदानं मला बाजूला घेतलं होतं," तो म्हणाला. "भाषण कितीही रंगलं तरी मतं कमी पडताहेत म्हणाला. ट्रॉलिन विरोधाला उभा राहिला असता तर आम्ही हरलो असतो, हेस्टर. मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, बोलून तर पाहू."

 थिओडोराच्या हातातली बाटली निसटून गालिच्यावर पडली. ती फुटली नाही. तिनं ती उचललीही नाही.

"फौजेला थांबवता येईल?" हेस्टरनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, गाडी थांबवता येईल का विचारावं तसा.

"तार गेली. मी निघायच्या आतच खात्यानं पाठवली." ऑब्री अडखळला. "पपांची बातमीही त्यातच घालायला मी सांगितली. जाइल्सला वेगळी तार पोचायला उशीर होईल म्हणून."

"आधी काय लिहिलंय?"

"आधी हुकूम. मग पपांचं."

हेस्टर उठली. चालत खिडकीशी गेली आणि तिनं पडद्याची दोरी हातात घेतली. ती ओढून काय होणार होतं हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. लायनेल घाईनं पुढे आला, हळूच तिचा हात धरला आणि म्हणाला की आता दफन होईपर्यंत पडदे वर करता येत नाहीत, लोक बघताहेत.

तिनं दोरी सोडली. खाली माणसं दाताळी घेऊन आली होती आणि रस्त्यावरचा पेंढा गोळा करत होती. ज्याच्यासाठी तो घातला होता त्याला आता कसलाच त्रास होणार नव्हता. पहिली गाडी उघड्या दगडांवरून खडखडत गेली, आणि आठवडाभरात पहिल्यांदा त्या घरात बाहेरचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.